मागची सीट

धारगळहून मामांचा फोन आला तेव्हा मी बी.ए.च्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडाले होते. मामा फोनवर पाल्हाळ लावत नाहीत. बेळगावातल्या पावसाची चौकशी झाली, मुलांची झाली, आणि मग म्हणाले, "दिवाळीला येताना पाने घेऊन या गे. मागची सीट वर काढायची आहे."

कुठली सीट, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या आजोळी 'मागची सीट' एकच. (मामा पेडण्याच्या बोलीत बोलतात. मी इथे बरेचसे मराठीत उतरवते आहे. त्यांचा ठसका वाचकांनी मनात घालून घ्यावा.)

तर आधी त्या सायकलीविषयी. ती दोघांनी चालवायची सायकल. आम्ही मुले तिला जोडसायकल म्हणायचो; तिला टँडेम म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. पुढे एक सीट, मागे एक सीट, पॅडलच्या दोन जोड्या, आणि डाव्या अंगाने त्या दोन्ही जोड्यांना बांधणारी एक साखळी. पुढच्याने पाय फिरवले की मागच्याचे फिरलेच पाहिजेत, मागच्याने थांबायचे ठरवले तर पुढच्यालाही अडखळायला होते. हँडल आणि ब्रेक मात्र पुढच्याच्या हाती. मागच्यालाही धरायला हँडल असते, पण ते पुढच्या सीटच्या नळीला पक्के आवळलेले. कितीही पिळा, सायकल वळत नाही. लहानपणी मला हे ठाऊक नव्हते. मी मागे बसून मोठ्या जबाबदारीने सायकल वळवायचे, आणि दरवेळी ती बरोबर वळायची!

मामांनी ही सायकल १९८०च्या फेब्रुवारीत हणजुणच्या बुधवारच्या बाजारात घेतली. तेव्हा तिथे हिप्पी मंडळी आपल्याजवळच्या वस्तू मांडून बसत. लंडनहून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशी जमिनीवरून गोव्यापर्यंत यायची त्यांची वाट होती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि ती वाट मिटली. परत जायचे तर विमानाने, आणि विमानाला लागतात पैसे. अशाच एका जोडप्याने ही सायकल विकायला काढली होती. पुढच्या बाजूचा कंपनीचा बिल्ला तेव्हाच पडून गेलेला. चामड्याच्या सीटवर दाबून उमटवलेले 'ब्रूक्स' हे नाव अजून बोटाला लागते, त्यावरून ती विलायतेची असावी. चाके सव्वीस इंची. आपल्याकडचे टायर तिला बसले, म्हणून ती इतकी वर्षे टिकली. किंमत किती पडली, हे मामांनी मामींना शेवटपर्यंत खरे सांगितले नाही.

शिवोलीहून चोपड्याला यायला तेव्हा पूल नव्हता, फेरीबोट होती. मामा सायकल फेरीत घालून चोपड्याला उतरले आणि आगरवाडा, पार्से, तुये करत घरी आले. पुढे एकटे आपण, मागची सीट रिकामी. रस्त्याकडेची पोरे ओरडत होती, "मास्तर, तुमचे एक माणूस वाटेत सांडले!"

त्या माणसासाठीच ती सायकल घेतलेली होती. मामांचे लग्न नुकतेच झाले होते. मामी खानापूर तालुक्यातली. माहेरी घरात मराठी, शेजारात कानडी, आणि भांडण झाले की दोन्ही. आपल्याकडची बरीचशी घरे अशीच. मामा प्राथमिक शाळेत मास्तर, मामी पुढच्या वाड्यावरच्या शाळेत. सकाळी दोघे एकाच सायकलवर निघायचे. मामी ठेंगण्या, जेमतेम पावणेपाच फुटांच्या. मामा पावणेसहा. मामांनी मागची सीट मामींच्या बेताने होती तेवढी खाली घातली, बोल्ट आवळला, आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षांत तिला कुणी हात लावला नाही.

मामींची एक गोष्ट घरात नेहमी सांगितली जाते. धारगळचा उतार लागला की मामा सायकल सोडून द्यायचे. मागे ब्रेक नाही, हँडल वळत नाही, मामी जीव मुठीत धरून मागून म्हणायच्या, "निधान! निधान!" मामांना कानडीचे एक अक्षर येत नव्हते. निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेले धन. नवी नवरी आपल्याला असे काही म्हणते आहे म्हटल्यावर मामा आणखी जोरात सोडायचे. सहा महिन्यांनी खानापूरला सासुरवाडीला गेल्यावर सासऱ्यांनी बैलगाडीवाल्याला "निधान, निधान" म्हणून दटावलेले त्यांनी ऐकले, तेव्हा कुठे उलगडा झाला की कानडीत निधान म्हणजे हळू. "पण ते सहा महिने मी मोठ्या ऐटीत होतो," असे मामा सांगतात.

मामी चार वर्षांपूर्वी गेल्या. मामांची नजर त्याच्याही आधी गेली. काचबिंदू. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. बहुधा आधी कडेचे दिसणे जाते आणि समोरचे राहते, त्यामुळे माणसाला वाटते आपल्याला दिसते आहे. मामांना शाळेत फळ्याच्या कडेला बसलेली मुले दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांना वाटले मुले गैरहजर राहताहेत. औषधाच्या थेंबांनी डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवता येतो, पण गेलेली नजर परत येत नाही. रक्ताच्या नात्यात असला की धोका वाढतो, म्हणून मी दरवर्षी डोळ्यांचा दाब मोजून घेते. असो.

आम्ही चोर्ल्याच्या घाटाने उतरलो. साखळी, डिचोली, अस्नोडा करत कोलवाळचा पूल ओलांडला की धारगळ. आता तिथे उतरल्यावर मला दरवेळी क्षणभर चुकल्यासारखे होते. महामार्ग रुंद झाला, आयुर्वेद संस्थेचे मोठे आवार झाले, मोप्याच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता इथूनच फुटला. मामांच्या अंगणात मात्र तीच तुळस, तोच सोपो, आणि सोप्याच्या भिंतीला टेकून ती आठ फुटी सायकल.

"मामा, सीट कशाला वर काढायची?" मी चहा झाल्यावर विचारले.

"हांव फाटल्यान बसतलों. तूं फुडें बस."

मी मागे बसणार, तू पुढे बस. मी काही बोलले नाही. मामांचा मुलगा बंगळुरूला असतो. जानेवारीत तो मामांना तिकडे नेणार हे ठरलेले होते. मामा म्हणाले, "जाण्याआधी एकदा गाव बघायचा आहे. गाडीतून नाही. गाडीत काचा वर केल्या की मी कुठे आहे ते मला कळत नाही. सायकलवर कळते."

मला पुण्याच्या दिव्यांशू गणात्रांची आठवण झाली. त्यांचीही दृष्टी काचबिंदूनेच गेली, तीही एकोणिसाव्या वर्षी. २०१६ साली ते मनालीहून खारदुंग ला या खिंडीपर्यंत जोडसायकलवरच गेले. पॅरालिम्पिकमध्येही दृष्टिहीन सायकलपटू डोळस जोडीदाराच्या मागे बसूनच शर्यत करतात. म्हणजे कल्पना वेडगळ नव्हती. अडचण एवढीच, की त्या मंडळींच्या पुढे बसणारी माणसे कसलेली असतात. मी या सायकलवर जन्मात कधी पुढे बसले नव्हते.

आणि दुसरी अडचण म्हणजे ती सीट. मामा मागे बसून बघत होते तर गुडघे हनुवटीला टेकत होते.

माझे यजमान बैलहोंगलचे, बँकेत आहेत, आणि पाना हाती आला की त्यांना आपण अभियंता असल्यासारखे वाटते. त्यांनी बोल्ट सैल केला. सीटवर बसून उजवीकडे डावीकडे हिसके दिले. नळी ढिम्म. रॉकेल आता सहज कुठे मिळते? म्हणून डिझेल आणून सांध्यात सोडले, रात्रभर ठेवले. सकाळी हातोडीने ठोकले. नळी ढिम्म. दुपारी सायकल टेंपोत घालून एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने पाइप पाना लावला, नळीवर दात उमटवले आणि निकाल दिला : "कापा. वरच्यावर करवतीने कापा आणि सायकल शोभेला ठेवा."

मला भरून आले. मामींच्या उंचीची ती एवढीच खूण उरलेली, आणि ती करवतीने कापायची! मी मामांना हे कसे सांगावे याची शब्दांची जुळणी करत घरी आले. मामांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "कापू नकोस. आत राहिलेला तुकडा मग कोण काढणार?"

आम्हा साहित्यवाल्यांची ही खोड. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल ते आम्ही आधीच लिहून टाकतो.

रात्री मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नळी कशाची आहे? लोहचुंबक चिकटतो का?" मुलाच्या खेळण्यातला चुंबक लावून पाहिला. फ्रेमला चिकटला, नळीला नाही. "मग अल्युमिनियम. गंजाचे तेल तिथे फारसे कामाचे नाही," सर म्हणाले, आणि फोनवरच तास सुरू झाला. लोखंड आणि अल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारट ओल शिरली की त्यांची जणू बॅटरी तयार होते आणि त्यात अल्युमिनियम झिजते. झिजून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. जागा तर नाही. मग ती नळीला चहूबाजूंनी आवळते. गोव्याची हवा, पंचेचाळीस पावसाळे, आणि नळीला ग्रीसचे बोट कधी लागलेले नाही. "मग तापवू का?" "ज्योत लावू नका. अल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोन्ही तापली तर आणखी घट्ट बसेल. उलटे करा. आतली नळी थंड करा, बाहेरची गरम."

लोखंडाच्या आतली नळी थंड कशी करायची, हा प्रश्न धारगळात सुटायला वेळ लागला नाही. गोव्यात बर्फ नाही असे एकही गाव नाही. जिथे मासे तिथे बर्फ.

पण हे सगळे धरायला मजबूत व्हाइस हवा. कोलवाळच्या बाजूला रस्त्याकडेला एक लेथचे वर्कशॉप आहे असे शेजाऱ्याने सांगितले. तिथे गेलो तर भिंतीवर बसवण्णांचे चित्र आणि खाली मोबाइलवर कानडी भावगीत चाललेले. यजमानांचा चेहरा एकदम खुलला. "याव ऊर री निम्दू?" झाले. गदग जिल्ह्यातला माणूस, वीस वर्षे गोव्यात. मी कॉलेजात शिकवते कळल्यावर मी 'अक्कार' झाले. मामांना त्याने स्वतः हात धरून स्टुलावर बसवले.

त्याने नळीवर नखाने टिचकी मारून पाहिली. "भाळ बिगि आगैति, अक्कार." मग माझी बर्फाची पिशवी आणि सरांचा सिद्धांत त्याने ऐकून घेतला, क्षणभर विचार केला, आणि हसून म्हणाला की बेअरिंग बसवताना आम्ही हेच करतो, फक्त सायकलला कधी केले नाही.

आधी सायकल नागवी करायची होती : चाके, साखळ्या, पॅडले, सीट. यजमान डाव्या पॅडलशी झोंबू लागले तसे स्टुलावरून मामा म्हणाले, "डाव्या पॅडलचे आटे उलटे. तुम्ही ते आवळताय." खरेच की! उजवे पॅडल नेहमीसारखे सुटते, डाव्याचे आटे उलटे असतात, नाहीतर पायाच्या फिरण्याने ते आपोआप सैल होईल. यजमानांनी मुकाट्याने पाना उलटा फिरवला.

मग त्या कारागिराने जे केले ते मी मुद्दाम तपशिलाने लिहिते. कुणाच्या घरी अशी अडलेली नळी असेल तर उपयोगी पडेल. नळी वरून उघडी होती. त्याने चिंधीचा बोळा सळईने आत पार तळापर्यंत सारला. वरून कुटलेला बर्फ आणि मूठभर मीठ ठासून भरले. तोंडाशी लाकडाची गोल खुंटी ठोकून बसवली. ती दोन कामांसाठी : बर्फ सांडू नये आणि व्हाइसमध्ये आवळताना नळी चेपू नये. व्हाइसच्या जबड्यांत चामड्याचे तुकडे घातले. अख्खी फ्रेम उलटी करून नळीचे बाहेर आलेले बोटभर टोक व्हाइसमध्ये पकडले. म्हणजे आता नळी जागच्या जागी पक्की, आणि फिरवायची होती ती सायकल! साध्या सायकलीची फ्रेम धरून फिरवायची तर हाती तीनेक फुटांचा दांडा येतो. इथे दुप्पट. लांब दांड्याची तरफ किती जोर लावते ते शाळेत आपण शिकलेलो असतो. ते इतक्या उपयोगाचे असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

बर्फ मुरायला वीस मिनिटे दिली. मग शेजारच्या चहावाल्याकडून उकळते पाणी आणले, फडक्यावर घेऊन बाहेरच्या लोखंडी नळीभोवती गुंडाळले, लगेच आणखी एक. यजमानांनी पुढचे टोक धरून जोर लावला तशी फ्रेम कुरकुरली.

"अवसर ब्याडरी!" कारागीर ओरडला. "निधान. निधान."

स्टुलावर बसलेले मामा एवढ्या मोठ्याने हसले की सगळे थांबले. मला वाटले आता डोळे पुसतील. पण नाही, ते खरोखरच पोट धरून हसत होते. मी त्या कारागिराला मामींची गोष्ट सांगितली. त्याला मराठीतला निधान माहीत नव्हता. तो म्हणाला, दोन्ही अर्थ बरोबरच आहेत की. मला तर त्या क्षणी 'अवसर'सुद्धा नव्याने ऐकू आला. कानडीत घाई, मराठीत संधी. आपल्या घरांतून अशा शब्दांनी किती गमती आणि किती रुसवे घडवले असतील!

लांब दांड्याचा धोका असा की नळी सुटण्याऐवजी फ्रेमच पिळून जाऊ शकते. म्हणून एकाने पुढचे टोक धरायचे, एकाने मागचे, आणि दोघांनी समतोल जोर लावायचा. हिसका नाही, केसभर इकडे, केसभर तिकडे. दोनदा काही झाले नाही. पुन्हा गरम फडके. तिसऱ्यांदा मामा म्हणाले, "सुटली."

आम्हाला काहीच कळले नव्हते. "बारीक कुर्र झाले," मामा म्हणाले. "साखर दाताखाली येते तसे." पुढच्या खेपेला ते आम्हालाही ऐकू आले. "सडल आत्री!" कारागीर म्हणाला, आणि मग ती आठ फुटी फ्रेम एखाद्या जात्यासारखी व्हाइसभोवती हळूहळू फिरू लागली. फिरवता फिरवता वर उचलायची, पुन्हा फिरवायची. दहा मिनिटांनी नळी बाहेर आली आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी, चिंधी आणि पांढरी भुकटी असा सगळा ऐवज जमिनीवर सांडला.

मी नळी पुसली. वरचे बोटभर गुळगुळीत, हवेने फिकट झालेले. खालचे सगळे खडबडीत, मिठाच्या खड्यांसारखे. आणि दोहोंच्या मध्ये एक रेघ, कंपासने काढावी तशी. मी ती मामांच्या हातात दिली. त्यांनी खालून वर अंगठा नेला, रेघेशी थांबवला. मग नळी उभी धरून त्या रेघेपासून वर, सीटच्या जागेपर्यंत, दुसऱ्या हाताची बोटे मोजून ठेवली. चार.

"एवढीच वर होती," मामा म्हणाले.

तिथे कुणी काही बोलले नाही. कारागीर उगाचच लेथ पुसत राहिला.

आता एवढ्या खटाटोपानंतर नळी ग्रीस लावून वर बसवली की काम झाले, असे वाटेल. पण मामांच्या उंचीला ती वर काढली तर फ्रेममध्ये जेमतेम इंचभर उरत होती. ते धोक्याचे. निदान अडीच इंच तरी आत हवी, नाहीतर माणसाच्या वजनाने नळी वाकते किंवा फ्रेमच फाटते. म्हणजे ज्या नळीसाठी दोन दिवस आणि पाच किलो बर्फ घालवला ती आखूड! यजमान हताश होऊन बाकावर बसले. मला हसू आवरेना.

कारागिराने व्हर्नियर घेतला, फ्रेमचे तोंड तीनदा मोजले. सत्तावीस मिलिमीटर आणि वर थोडे. आपल्याकडच्या साध्या सायकलींची नळी तिला सैल पडते. त्याने एक जाड लोखंडी पाइप शोधला आणि लेथवर उतरवायला घेतला. पाती पाती लोखंड निघत होते, दर खेपेला तो फ्रेममध्ये घालून बघत होता. शेवटी नळी हवा दाबल्यासारखा आवाज करत आत गेली. लोखंडात लोखंड, मध्ये भरपूर ग्रीस. "वर्षातून एकदा काढून ग्रीस लावायचे," त्याने बजावले. मजुरी त्याने इतकी कमी सांगितली की यजमानांनी कानडीतून त्याच्याशी उलटी घासाघीस केली.

जुनी नळी मामांनी मागून घेतली. घरी आल्यावर ती त्यांनी कुठे ठेवली ते मी विचारले नाही.

ही सायकल पुण्याला द्या, असे मागे कुणीतरी सुचवले होते. तिथे कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय केले आहे, मी ते पाहिलेले आहे आणि सायकलप्रेमींनी जरूर पाहावे. मामांनी तेव्हा उत्तर दिले होते, "ती अजून चालते." म्हणजे गेली दहा वर्षे भिंतीला टेकून उभी असलेली सायकल चालत होती.

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही निघालो. महामार्ग सोडून, आतल्या रस्त्याने, शांतादुर्गेच्या देवळाच्या दिशेने. अंगणात दोन गोल फेऱ्या मारून पाहिल्या, दोन्ही वेळा तुळशीपाशी पाय टेकावे लागले. मागे बसलेले माणूस किती जड असते ते पुढे बसल्याशिवाय कळत नाही. शिवाय ते जरा कलले तरी सायकल कलते. मामी तीस वर्षे मागे न हलता बसल्या, याचे मला त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक वाटले. मामींची तक्रार असायची, "मला आयुष्यभर ह्यांची पाठच दिसली, घामाच्या नकाशासकट." पण मामा पुढे रस्ता बघत असताना दोन्ही बाजूंचे गाव मामीच बघत असत. कुणाच्या घराला चुना काढला, कुणाच्या अंगणात मांडव पडला, ही बातमी घरी मामीच सांगायच्या.

"निघताना मला सांगायचे," मामा म्हणाले. "ब्रेकच्या आधी सांगायचे. वळायच्या आधी सांगायचे. माझ्या पायांना कळले पाहिजे."

"निघते, मामा."

सायकल डुलली आणि मग सरळ झाली. मागून मामांच्या पायांचा जोर साखळीतून माझ्या पायांत आला. एखाद्याने पाठीवर हात ठेवावा तसा नव्हे, चांगला दणकट जोर, पंचाहत्तरीच्या माणसाचा वाटू नये असा. थोड्या वेळाने ते बोलू लागले. "आता भातखळ्याचा वास येईल." आला. "आता डावीकडे घर, तिथला कुत्रा भुंकतो." कुत्रा वेगळा असणार, पण भुंकला. "आता सावली." ऊन तसेच होते.

"सावली नाही आली अजून," मामा म्हणाले. "आंबा आहे इथे."

आंबा नव्हता. रस्ता रुंद केला तेव्हा तो गेला होता, बुंध्याची जागासुद्धा ओळखू येत नव्हती. सांगावे की न सांगावे? पुढे बसणाऱ्याने मागच्याला खोटे सांगितले तर त्या सायकलवर दोघांचे काय व्हायचे?

"मामा, आंबा गेला."

पाय क्षणभर मंदावले. माझेही मंदावले, त्या सायकलवर दुसरा इलाज नाही. मग मामांनी पुन्हा जोर लावला.

"बाकीचेही सांग," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंचे सांग. तुझी मामी सांगायची तसे."

मी सांगू लागले. नवे दुकान, बंद दार, गॅलरीत वाळत घातलेल्या आकाशकंदिलाच्या पताका, शाळेच्या भिंतीवरचा नवा रंग. शाळेपाशी मामांनी थांबायला सांगितले नाही. पुढे उतार लागला, तोच तो. सायकल आपणहून पळू लागली, वारा कानांत भरला, आणि दोघांचे वजन, लोखंडाचे वजन सगळे माझ्या हातातल्या त्या दोन ब्रेकांवर आले.

मागून मामांचा आवाज आला, "निधान, बाये, निधान."